मागच्या दारातून उतरलेला ड्रायव्हर

इतकी वर्षं झाली, तरी ती दुपार माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, भावकीतल्या मारामाऱ्या तर किती पाहिल्या त्याला गणती नाही. आता त्यातलं बरंचसं एकमेकांत मिसळून गेलं आहे. हे प्रकरण मात्र मिसळत नाही. कागदावर पाहाल तर अगदी किरकोळ होतं. रस्त्यावरचा अपघात, एक मयत, एक आरोपी, गुन्हा कबूल.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा फौजदार होतो आणि मुंबई-पुणे रस्त्यावरचं एक लहानसं ठाणं माझ्याकडे होतं. हद्द पिंपरीच्या अलीकडून सुरू व्हायची ती देहूरोडच्या लष्करी छावणीपर्यंत. आज त्या भागात उभं राहायला जागा नाही. तेव्हा दोन्ही अंगांना ज्वारीची रानं होती, माळ होता, आणि पिंपरीला फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांच्या बराकी होत्या. रस्त्याकडेला कुठे कुठे कारखान्यांच्या भिंती उठायला लागल्या होत्या. ठाण्यात मी, एक जमादार आणि मोजके शिपाई. टेलिफोन होता, पण तो बोलण्यापेक्षा ऐकण्याच्याच कामी यायचा.

त्या सुमारास एका परदेशी कंपनीला कारखान्यासाठी जागा हवी होती. चार देशांत तिचे कारखाने आहेत असं लोक सांगत. तिची नजर होती रस्त्यालगतच्या एका गावाच्या गायरानावर. सपाट जागा, नदीचं पाणी जवळ, रेल्वे जवळ. मुंबईतल्या मोठ्या मंडळींची हरकत नव्हती. परकीय भांडवल येतंय, पोरांच्या हाताला काम मिळेल, असं सगळे म्हणत होते, आणि त्यात खोटं काही नव्हतं. अडसर एकच होता. तिथले आमदार.

लोक त्यांना नाना म्हणत, मीही तेच म्हणतो. जाडीभरडी खादी, दोन खोल्यांचं घर, प्रवास एसटीनं. बेचाळीस साली भूमिगत होते, नंतर पकडले गेले, तुरुंग भोगून आले. सुटल्यावर काही काळ एका मालवाहू ट्रकच्या धंद्यात कारकुनी केली, तिथे गाडी चालवायला शिकले. ठाण्यावर कधी कुणाची शिफारस घेऊन आले नाहीत. गायरानावर गावाची सभा झाली तेव्हा मी बंदोबस्ताला होतो. नाना म्हणाले होते, "कारखाना मलाही हवा आहे. पण पलीकडे मुरमाड पडीक जमीन आहे, तिथं घ्या म्हणावं. गायरान गेलं तर गुरं काय मुंबईच्या रस्त्यावर चारायची?" लोक हसले होते. मलाही ते पटलं होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी तो अपघात झाला. लष्करी ट्रकचा एक चालक ठाण्यासमोर थांबून सांगून गेला, की पुढे वडाच्या रांगेत मोटारीनं माणूस उडवला आहे. जमादाराला घेऊन मी सायकलवर निघालो. पोहोचलो तर रस्त्याच्या कडेला एक म्हातारा पडला होता, कुणीतरी अंगावर धोतर टाकलं होतं. दुधाच्या रिकाम्या किटल्या लांब जाऊन पडल्या होत्या. छावणीत दूध घालून तो गावाकडे परत चालला होता. पुढे सावलीत कंपनीची लांबलचक परदेशी मोटार उभी होती. तिच्या पुढच्या चाकापाशी खाकी कपड्यातला ड्रायव्हर टोपी हातात धरून उभा होता.

"मीच चालवत होतो, साहेब," मी विचारण्याआधीच तो म्हणाला.

"गाडीत आणखी कोण होतं?"

"आमचे गोरे साहेब. त्यांना चक्कर आली, म्हणून ट्रक थांबवून पुण्याला गेले."

पंचनामा केला, प्रेत तपासणीसाठी पुण्याला पाठवलं. मयताचा मुलगा शेतातून पळत आला, तो बापाजवळ बसला तो उठेचना. हा म्हातारा त्याच गायरानाच्या गावचा. ड्रायव्हरला अटक केली, जामिनावर सोडला. निष्काळजीपणे मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा, कबूल आरोपी. असं काम आठवड्यात हातावेगळं होतं.

दोन दिवसांनी ठाण्यावर एक मनुष्य आला. वडाच्या रांगेजवळ पंक्चर काढण्याचं त्याचं टपरीवजा दुकान होतं. फाळणीत सगळं मागे टाकून आलेला, पिंपरीच्या बराकीत राहणारा. माझ्या सायकलचं चाक दाबून बघत तो उभा राहिला.

"काय काम आहे?" मी विचारलं.

"साहेब, आम्ही बाहेरचे लोग. कुणाच्या झगड्यात पडायचं नाही, असं घरात सांगितलंय." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "पण त्या बुढ्ढ्याला शेवटचं पाणी मी पाजलं. म्हणून आलो. धडक ऐकून मी वर पाहिलं, तर वो ड्रायव्हर मागच्या दरवाजातून उतरला. मागच्या. पुढून गोरा उतरला, डाव्या बाजूनं. मग मी पाण्याकडे धावलो, पुढचं पाहिलं नाही. पाणी घेऊन आलो तोवर गोरा ट्रकातून निघून गेला होता."

"नक्की मागच्या?"

"साहेब, दिवसभर मी गाड्याच बघतो."

मी त्याचा जबाब लिहून घेतला, त्यानं सही केली. तो गेल्यावर जमादार म्हणाला, "मग गोराच चालवत असणार. उतरताना डावीकडं सरकला आसंल. बळी दिला ह्या गरिबाचा."

मलाही तसंच वाटलं. परदेशी साहेबाला वाचवायला देशी नोकर पुढे करायचा, हे इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं. मी ड्रायव्हरला बोलावून घेतलं. तो रत्नागिरीकडचा, तिशीतला, शांत माणूस. त्याला मी तीनदा घटना सांगायला लावली. तिन्ही वेळा एकही शब्द इकडचा तिकडे झाला नाही. माझा अनुभव असा, की खरं सांगणारा माणूस दर वेळी थोडं वेगळं सांगतो. मध्येच थांबतो, "नाही नाही, ते आधी झालं," असं म्हणतो. पाठ केलेला माणूस चुकत नाही. पण चुकत नाही म्हणून त्याला खोटा ठरवता येत नाही. मी त्याला परत पाठवला.

मधल्या काळात पुण्याहून दोनदा टेलिफोन आला. आरोपी कबूल आहे, मग दोषारोपपत्राला उशीर का? पहिल्यांदा विचारणा होती, दुसऱ्यांदा आवाज चढलेला होता.

शेवटी मी साहेबाच्या बंगल्यावर गेलो. कंपनीचे एक देशी अधिकारी तिथे आधीच येऊन बसले होते. हे गृहस्थ पूर्वी सचिवालयात होते, निवृत्तीनंतर कंपनीनं त्यांना घेतलं होतं. कोणत्या मंत्र्याला कोणत्या वेळी भेटावं, हे त्यांना ठाऊक, आणि तेच त्यांचं काम. त्यांनी मला चहा विचारला. तेवढ्यात साहेब बाहेर आला, आणि मी मनात जुळवलेलं सगळं तिथेच कोसळलं. साहेबाचा उजवा हात बोटांपासून कोपराच्या वरपर्यंत प्लास्टरमध्ये होता. प्लास्टर मळून पिवळं झालेलं.

"हे अपघातात झालं का?" मी इंग्रजीत विचारलं.

"नाही. त्याच्या बऱ्याच आधी. घोड्यावरून पडलो."

त्या हातानं ती अजस्र गाडी चालवणं शक्यच नव्हतं. साहेबाला कळलं मी काय हिशेब मांडून आलो होतो. तो खुर्चीत बसला आणि सरळ माझ्याकडे बघत म्हणाला, "मी चालवत नव्हतो. तुम्हाला तसं वाटलं असेल, तर ते चूक आहे."

"मग कोण चालवत होतं?"

साहेबानं देशी अधिकाऱ्याकडे पाहिलं. अधिकारी माझ्यासाठी साखर ढवळत म्हणाले, "ड्रायव्हरनं कबूल केलंय ना, फौजदार? मग तुम्ही उगीच का शिणता?"

मी चहा न घेता उठलो. परत येताना डोक्यात एकच गोष्ट होती. ड्रायव्हर मागे बसलेला, साहेबाचा हात जायबंदी. म्हणजे गाडीत तिसरा माणूस होता, आणि तो असा होता की त्याच्यासाठी साहेबसुद्धा गप्प बसत होता.

ड्रायव्हरला पुन्हा बोलावलं. या वेळी मी काही सांगायला लावलं नाही. एवढंच म्हटलं, "साहेबाचा हात मी पाहिला. तू मागं बसला होतास, तेही मला माहीत आहे. स्टिअरिंगवर कोण होतं?"

तो खाली बसला.

"ते नाव माझ्या तोंडून नको, साहेब. चांगला माणूस आहे तो."

"तुझ्यासाठी?"

"सगळ्यांसाठीच. एसटीच्या थांब्यावर उभा असतो आमच्यासारखा."

साहेब ज्याच्यासाठी गप्प बसेल आणि तरी जो एसटीनं फिरतो, असा माणूस त्या भागात एकच होता. त्यानं नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजही राहिली नव्हती. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नाना सभेत सांगितलेली ती मुरमाड जमीन दाखवायला साहेबाला स्वतःच घेऊन गेले होते. साहेबानं सगळं नीट ऐकून घेतलं. परत येताना नाना सारखे गाडीकडे, गिअरच्या दांड्याकडे, वेग दाखवणाऱ्या घड्याळांकडे बघत होते. साहेब म्हणाला, चालवून पाहा. नाना नको म्हणाले. साहेबानं पुन्हा आग्रह केला. नाना लहान मुलासारखे हसले आणि बसले. ड्रायव्हर मागे गेला. पुढे वडाच्या रांगेत समोरून ट्रक आला, नानांनी गाडी डावीकडे घेतली. ट्रकच्या अंदाजानं घेतली की मोटारीच्या, कुणाला ठाऊक.

"म्हाताऱ्याला बघितल्यावर नाना उतरेनातच. स्टिअरिंगच्या चाकाला दोन्ही हात तसेच. साहेबानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग मला सांगितलं, तू चालवत होतास. रागानं नाय, साधंच सांगितलं. नि नानांना घेऊन ट्रकातून गेले."

"आणि तू कबूल झालास."

"नोकरीचा माणूस आहे, साहेब."

दुसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्याबाहेर येऊन उभी राहिली. पदर घट्ट धरून म्हणाली, "त्यांनी जे सांगितलंय तेच राहू दे. कंपनीनं शब्द दिलाय. सुटून आले की नोकरी कायम, राहायला खोली. खरं बाहेर काढलंत तर नोकरी जाईल, नि खोटं बोलले म्हणून तुरुंगही चुकणार नाय. तुमच्या खऱ्यानं आमचं काय भलं होणार, ते सांगा."

मी तिला घरी जायला सांगितलं.

नानांकडे मी एकटाच गेलो, गणवेश न घालता. ते पुढच्या खोलीत चटईवर बसले होते. दाढी वाढलेली.

"या फौजदार. तुम्ही येणार हे ठाऊक होतं."

मी बसलो. प्रश्न विचारावा लागलाच नाही.

"तो म्हातारा कोण होता, माहीत आहे तुम्हाला?" ते म्हणाले. "बेचाळीसला माझ्यावर वॉरंट होतं, तेव्हा त्याच्या माळ्यावर मी लपलो होतो. पोलीस खाली त्याला मारत होते आणि मी वर कडब्यात पडून ऐकत होतो. त्यानं तोंड उघडलं नाही. त्या माणसाला मी…" त्यांच्या पत्नी आतल्या दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

"मी लिहून देतो," नाना म्हणाले. "काढा कागद."

मी त्यांना सांगितलं, की पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात टिकत नाही. मॅजिस्ट्रेटपुढे, स्वखुशीनं, कुणाचा दाब नसताना सांगावं लागेल. तिथे मी खोलीतसुद्धा असणार नाही.

"उद्या येतो," ते म्हणाले. "सकाळी कचेरीत येतो."

त्यांना यायचं होतं. यावर माझा आजही विश्वास आहे. माणसं खोटं बोलताना कशी दिसतात ते मी आयुष्यभर पाहिलं आहे, नाना तसे दिसत नव्हते. दुसऱ्या दिवशी मी कचेरीच्या व्हरांड्यात सकाळपासून ती बंद होईपर्यंत बसलो. नाना आले नाहीत. संध्याकाळी कळलं, की ते मुंबईला गेले.

त्यांना कुणी धमकावलं असेल, असं मी धरून चाललो होतो. तसं झालं नव्हतं. पुढे बऱ्याच दिवसांनी कंपनीच्या त्या देशी अधिकाऱ्यांनी मला स्वतःच सांगितलं. आपल्या कौशल्याचा त्यांना थोडा अभिमान होता. "आम्ही त्यांच्याकडे काहीही मागितलं नाही, फौजदार. जमिनीचं नावसुद्धा काढलं नाही. मी आदल्या संध्याकाळी गेलो आणि म्हटलं, नाना, तुमच्यामागे हजारो लोक आहेत, त्यांच्यासाठी तरी स्वतःला जपा. ती गोष्ट आमच्याकडे सुरक्षित आहे. एवढंच."

मी माझा अहवाल डीएसपीसाहेबांकडे पाठवला. त्यांनी बोलावून घेतलं. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, "तुम्ही म्हणता ते खरं असेल. पण पुरावा सांगा. पंक्चरवाल्यानं ड्रायव्हरला उतरताना पाहिलं, आमदारांना पाहिलं नाही. ड्रायव्हर तुमच्यापुढं बोलला, कोर्टात बोलेल का? साहेब परवा बोटीनं मायदेशी चालला आहे, हाताच्या उपचाराला. आणि नाना?" त्यांनी अहवाल परत माझ्याकडे सरकवला आणि दोषारोपपत्र ड्रायव्हरवरच गेलं.

खटला उभा राहिला आणि तेवढ्यातच संपलाही. ड्रायव्हरनं गुन्हा कबूल केला, त्यामुळे साक्षीदार तपासण्याची वेळच आली नाही. त्याला काही महिन्यांची शिक्षा झाली. मी बाहेर आलो तर पंक्चरवाला व्हरांड्यातल्या बाकावर धुतलेला सदरा घालून बसला होता. दुकान बंद ठेवून आला होता.

"मला कधी बोलावणार, साहेब?"

"काम झालं," मी म्हटलं. "तुमची गरज पडली नाही."

तो उठून नमस्कार करून गेला.

मला वाटलं होतं, आपली बदली होणार. तीही झाली नाही. माझी दखल घ्यावी असंही कुणाला वाटलं नसावं.

गायरानावर पुढची सभा झाली तेव्हाही मीच बंदोबस्ताला होतो. नाना बोलायला उभे राहिले. काळ बदलला आहे, देशाला कारखाने हवेत, थोडा त्याग करावा लागेल, असं म्हणाले. एक शब्द चुकला नाही, कुठे अडखळले नाहीत. या वेळी लोक हसले नाहीत. माझ्या शेजारी उभा असलेला एक शेतकरी म्हणाला, "खाल्लं वाटतं नानानं." दुसरा म्हणाला, "व्हय, त्याबिगर न्हाई बोलायचा आसा." त्या गर्दीत बहुधा एकट्या मला माहीत होतं, की नानांनी एक पैसा खाल्लेला नाही. पण ते मी कुणाला सांगणार आणि सांगून काय साधणार? त्यांच्या घराला पुढेही तिसरी खोली झाली नाही. कंपनीच्या पायाभरणीला ते व्यासपीठावर होते, नंतरच्या प्रत्येक कामाला होते. पाण्याचा प्रश्न आला, संपाचा आला, आणखी जमिनीचा आला. प्रत्येक वेळी नाना कंपनीच्या बाजूनं उभे राहिले. प्रत्येक वेळी त्यांना कुणी काही सांगितलंही नसेल.

त्यानंतरच्या नोकरीत मी पुष्कळ पुढारी पाहिले आणि पुष्कळ कंपन्या पाहिल्या. लोक समजतात की या दोघांमध्ये पाकिटं फिरतात. फिरतातही, नाही असं नाही. पण पाकीट घेणारा माणूस उद्या दुसऱ्याचं पाकीट घेऊन उलटू शकतो. ज्याच्या पडत्या वेळी तुम्ही मदत केली आणि बदल्यात काही मागितलं नाही, तो मात्र आयुष्यभर तुमच्या ताब्यात राहतो. मोठ्या कंपन्यांना हे फार लवकर कळतं. आपल्या कायद्यात याला कलम नाही. लाच घेतली तर पकडता येते, उपकार घेतला तर काय पकडणार? आणि एक गोष्ट त्या प्रकरणानं शिकवली ती अशी, की सत्य शोधणं हे पोलिसाचं अर्धंच काम. ते शोधून काढल्यावर घ्यायला कुणी पुढे यावं लागतं. मी ते सगळ्यांच्या दारी घेऊन फिरलो. ड्रायव्हरला नको होतं, त्याच्या बायकोला नको होतं, साहेबाला नको होतं, वरिष्ठांना नको होतं.

फक्त एका माणसाला ते हवं होतं. निकालाच्या दिवशी मयताच्या मुलानं मला कचेरीच्या आवारात गाठून सरळ विचारलं, आणि मी त्याला खरं ते सांगितलं. कायद्यानं सांगायला नको होतं. तो मान हलवून गेला.

दोनेक वर्षांनी कारखाना सुरू झाला. भरतीच्या दिवसांत अर्धं गाव नानांची चिठ्ठी घेऊन गेटवर उभं असायचं आणि चिठ्ठी असली की काम मिळायचं. एका सकाळी देहूरोडच्या बाजूला मला तो मुलगा दिसला. छावणीतल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात रोजंदारीवर जात होता, रोज चालत. मी सायकलवरून उतरलो.

"तुझं गाव इथं कंपनीला लागून. तिथं का नाही लागलास?"

"तितं नानाची चिठ्ठी लागती."

"तुला ते नाही म्हणणार नाहीत."

"न्हाई म्हननार न्हाईत, ठाव हाय मला," तो म्हणाला. "साहेब, मी त्यांच्यावर राग धरून न्हाई. गाडी हाय, चुकती मानसाकडनं. माझा बा गेल्यावर त्यांनी यकदा घरी यायचं हुतं. आयच्या म्होरं बसायचं हुतं. आमी काय त्यांना धरून ठान्यावर देनार हुतो? बानं माळ्यावर लपवलं त्यांना, आमी बी लपवलं आसतं."

मग कामाला उशीर होतोय म्हणाला आणि चालू लागला.